घोडी उठेपर्यंत

बैठक मऊ खोलीत घ्यायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या रविवारी एकमत झालेली ती पहिली गोष्ट, आणि पुढे बराच वेळ शेवटचीही.

मऊ खोली खरं तर घोड्यांची. ऑपरेशनआधी घोडा झोपवायचा तो इथे आणि ऑपरेशननंतर जागा होणार तोही इथेच. भिंतींना माणसाच्या उंचीच्याही वर जाड स्पंज, त्यावर रबरी कातडं. जमीनही तशीच, पाय टाकला की आत जाणारी. खिडकी नाही, खुर्ची नाही, भिरकावता येईल अशी एकही वस्तू नाही. हा शेवटचा मुद्दा अप्पांच्या फार पूर्वी लक्षात आला होता आणि तेव्हापासून कुटुंबातल्या सगळ्या महत्त्वाच्या बैठका इथेच होत. वरच्या मजल्यावर, घरात घेतल्या की दारं आपटली जात. रिसेप्शनमध्ये घेतल्या की गिऱ्हाईकं कान देऊन ऐकत. मऊ खोलीत आवाज भिंतीत जिरून जाई, दार एकट्याने आपटण्यासारखं नव्हतं, आणि रागारागाने उठून जायचं तर मऊ जमिनीवरून आधी चार पायांवर यावं लागे. चार पायांवर आलेल्या माणसाचा राग कुणी फारसा मनावर घेत नाही.

तर सगळे भिंतींना पाठ लावून, पाय पसरून बसले होते. समोरच्या भिंतीशी अप्पा. घोड्यांचा हा दवाखाना त्यांनी काढला, वाढवला, आणि गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर ऑपरेशनं दादावर सोपवली. प्रमुखपद मात्र गुडघ्यांशी संबंधित नसल्यामुळे स्वतःकडेच ठेवलं. त्यांच्या शेजारी आई, जिच्या ताब्यात रिसेप्शन आणि फोन. आईपलीकडे तिचा धाकटा भाऊ, मामा, तो नालबंद. मागच्या शेडमधली त्याची भट्टी दवाखान्याइतकीच जुनी. डावीकडे दादा, सर्जन. उजवीकडे दादाची बहीण धाकटी, जी घोड्यांच्या पायांची डॉक्टर होती आणि एक्स-रे मशीन गाडीत घालून तबेल्यातबेल्यांनी फिरत असे. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात वहिनी.

वहिनी म्हणजे दादाची बायको. पण तिला वहिनी सगळेच म्हणत. नणंद म्हणे ते ठीक. मामाही म्हणे, औषधं पोचवणारा माणूसही म्हणे, घोड्यांचे मालकही म्हणत. ती भूल देणारी डॉक्टर होती आणि तसं लिहिलेली पाटी रिसेप्शनमध्ये लावलेलीही होती. पुढे तिथे फडताळ आलं. पाटी फडताळामागे सुखरूप होती.

“तर,” अप्पा म्हणाले, “उद्या कंपनीचा माणूस येतोय.”

कंपनी प्राण्यांचे दवाखाने चालवायला घेत असे. कंपनीच्या माणसाने मागल्या खेपेला सगळीकडे फिरून सगळ्याचं कौतुक केलं होतं आणि जाताजाता सांगितलं होतं, की कुत्र्यामांजरांचा विभाग ताबडतोब सुरू होईल. घोड्यांचा विभाग टप्प्याटप्प्याने. टप्प्याटप्प्याने काय, ते त्याने सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीतली उचलणी, म्हणजे झोपलेला घोडा टेबलावर न्यायची साखळ्यांची यारी, पाहून तो मात्र म्हणाला होता, “हे काढलं की जागा केवढी होईल!”

“मला दवाखाना कंपनीला द्यायचा नाही,” अप्पा म्हणाले. “पण मला आता झेपत नाही. तुमच्यापैकी एकाने आज ‘मी घेतो’ म्हणायचं. नाही म्हटलं, तर मी उद्या सही करतो. माझं बोलणं संपलं.”

यानंतर कुठल्याही कुटुंबात जे झालं असतं, ते इथे झालं नाही.

“धाकटीनेच घ्यावं,” दादा म्हणाला.

“छे छे! दादाचाच हक्क आहे,” धाकटी म्हणाली.

“हक्काचं काय गं त्यात? तुझा लोकांशी संबंध. सगळे तबेले तुला ओळखतात.”

“तुला ऑपरेशनं येतात. मला काय, पाय तेवढे कळतात. दवाखाना म्हणजे सगळा घोडा लागतो, दादा.”

“तू शिकशील.”

“तू शिकलेलाच आहेस.”

अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी आईकडे पाहिलं. मुलांना आपण नक्की काय वळण लावलं, हे त्यांना कधी नीट आठवत नसे, पण काहीतरी लावलं असावं असं आज त्यांना वाटलं.

वहिनीला तसं वाटलं नाही. आदल्या दिवशी गाडी धुता धुता दादाने मामाला पटवलं होतं, की प्रमुख व्हावं तर धाकटीनेच. त्याच वेळी वरच्या स्वयंपाकघरात धाकटीने आईला पटवलं होतं, की प्रमुख व्हावं तर दादानेच. दादाला घोडे आवडत. घोड्यांचे मालक आवडत नसत, आणि प्रमुखाला दिवसभर मालकांशीच बोलावं लागे. धाकटीला छप्पर आवडत नसे. दोघं आपापल्या बाजूने माणसं जमवून, शस्त्रं परजून आले होते आणि लढाई अशी होती, की जिंकेल त्याच्या गळ्यात दवाखाना पडणार नाही.

“मामा, तुम्हीच सांगा,” दादा म्हणाला.

मामाने घसा साफ केला. “नालबंद म्हणून सांगतो. धाकटीला पायांची जाण आहे, आणि पाय नाही तर घोडा नाही.”

“हे काय मधेच?” आई म्हणाली. “भट्टीचं छप्पर नवं करून देईन म्हणाला असेल दादा, म्हणून तुझं हे.”

“ताई, छपराचा काय संबंध?”

“मग बोलला की नाही छपराचं?”

मामा भिंतीत थोडा आणखी रुतला. “विषय निघाला होता,” तो म्हणाला.

“वहिनी, तू सांग बाई,” धाकटी वळून म्हणाली. “दादानेच घ्यायला हवं ना? तू तर रोज बघतेस त्याला.”

वहिनीला या बैठकीत काही विचारलं गेलं, ते एवढंच. साक्षीदाराला विचारतात तसं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. “बघते,” ती म्हणाली, आणि सगळ्यांना ते पुरलं.

तिला दवाखाना हवा होता. हे तिने एकदा दादाला सांगितलंही होतं. दादा तेव्हा खूप मायेने म्हणाला होता, “तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?” आणि तिच्या चहात साखर घालून दिली होती. ती चहात साखर घेतच नसे. उचलणीची साखळी कुठे अडकते आणि कुठे हात मारला की सुटते, ते तिला ठाऊक होतं. कुठल्या मालकाला आधी वाईट बातमी सांगायची आणि कुठल्याला आधी पाणी द्यायचं, ते ठाऊक होतं. आपण गेल्यावर ही इमारत कशी चालेल, याचा विचार या घरात प्रत्येकजण करत असे. आपण असताना ती कशी चालावी, याचा फक्त ती करत असे. अप्पांनी ‘एकाने म्हणायचं’ म्हटलं, तेव्हा त्यांची नजर दादावरून धाकटीवर गेली होती आणि धाकटीवरून परत दादावर. दार त्यांच्या नजरेच्या वाटेत नव्हतं.

दाराचंही एक प्रकरण होतंच. मऊ खोलीच्या दारात आत बघायला एक झरोका होता, जाड काचेचा, तळहाताएवढा. तो अप्पांनी स्वतः बसवून घेतला होता. स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर. अप्पा उंच. दादा उंच. घोडा जागा होताना झरोक्याशी उभं राहायचं काम मात्र भूल देणाऱ्याचं, आणि वहिनी उंच नव्हती. ती औषधांचा एक लाकडी खोका पालथा घालून त्यावर उभी राहत असे. झरोका खाली घ्यायचं तिने सुचवलं, की अप्पा म्हणत, “ते पुढचा प्रमुख बघेल.” मधल्या काळात दोन खोके झिजले.

“मी सांगतो ना, धाकटीच,” दादा म्हणत होता.

“आणि मी सांगते ना, दादाच,” धाकटी म्हणत होती.

तेवढ्यात दार ढकलत एक बाई आत डोकावल्या. रायडिंग स्कूलच्या बाई. केस विस्कटलेले, कोपरापर्यंत माती. त्यांनी भिंतींना टेकून पाय पसरून बसलेलं सगळं डॉक्टर कुटुंब पाहिलं.

“कुणी आजारी आहे का?” त्यांनी विचारलं.

मऊ खोलीत फोन आणायचा नाही हा नियम होता, आणि बैठक म्हणून आईने रिसेप्शनच्या फोनचा रिसीव्हर काढून ठेवला होता. बाई सकाळपासून फोन करत होत्या. मग त्यांनी घोडी ट्रेलरमध्ये चढवली आणि अंगणात येऊन हॉर्न वाजवला. मऊ खोलीत आवाज भिंतीत जिरत असे. तो बाहेरचाही जिरला.

“तांबडी एकसारखी लोळतेय,” बाई म्हणाल्या. “पोट नगाऱ्यासारखं झालंय.”

सगळे चार पायांवर आले आणि मग उठले.

*

घोडी खरोखरच वाईट स्थितीत होती. घामाने काळी पडलेली, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघणारी. दादाने खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तपासलं आणि म्हणाला, “मोठं आतडं जागा सोडून पलीकडे सरकलंय. उघडावं लागेल. लगेच.”

त्यानंतर कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मामाने चारी पायांचे नाल काढले, कारण नाल घातलेला घोडा ऑपरेशननंतर उठताना घसरतो. आईने बाईंना ऑफिसमध्ये बसवून पाणी दिलं आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. धाकटीने घोडीचं पोट भादरलं. वहिनीने घोडीच्या मानेतल्या शिरेत सुई बसवली, तिच्या कपाळाला कपाळ लावल्यासारखी क्षणभर उभी राहिली, आणि औषध सोडलं. घोडीने मोठा सुस्कारा टाकला आणि मऊ खोलीच्या भिंतीवरून घसरत खाली बसली. मघाशी मामा बसला होता बरोबर तिथे.

उचलणीने घोडीला पायांना धरून उचलून टेबलावर नेलं. साखळी नेहमीच्या ठिकाणी अडकली. वहिनीने नेहमीच्या ठिकाणी हात मारला.

ऑपरेशनच्या खोलीत घोडी उताणी, चारी पाय छताकडे. दादा एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला, मध्ये निळ्या कापडातली खिडकी आणि खिडकीत घोडीचं पोट. वहिनी डोक्याशी, नळ्या आणि आकड्यांच्या मशीनमागे. अप्पा दारालगतच्या स्टुलावर. ते आता फक्त बघायला येत. प्रत्येक ऑपरेशन बघायला येत.

काही वेळ नुसता श्वासाच्या यंत्राचा आवाज होता. मग दादाने दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत पोटात घातले, आणि हात अडकलेल्या माणसाला तोंड मोकळं आहे याची जाणीव होते तशी त्याला झाली.

“तुझ्याच भल्याचं सांगत होतो मी,” तो धाकटीला म्हणाला.

“धर नीट. माझं भलं राहू दे.”

“स्वतःची जागा होईल. सारखं गाडीत काय राहायचं?”

“मला गाडी आवडते, दादा. तू जरा इकडे वळव ते. आवडते म्हणजे आवडते. छपराखाली मला दोन तासांत डोकं दुखायला लागतं. आत्ताही दुखतंय.”

“मग सरळ सांग ना, नकोय म्हणून!”

“तू सांग ना सरळ!”

“रक्तदाब खाली येतोय,” वहिनी म्हणाली.

दोघं गप्प झाली. आतडं मोठं, निसरडं, ओल्या गोणीसारखं जड. ते दोघांनी मिळून बाहेर काढलं, धाकटीने कवेत घेतलं, दादाने मागून वाट मोकळी केली. रक्तदाब वर आला.

“नकोय मला,” दादा आतड्याकडे बघत म्हणाला. “एक मालक भेटला की मला दोन दिवस झोप लागत नाही. घोडा कापायला सांगा, रात्रंदिवस कापतो. मालकाला समजवायला नका सांगू.”

“मलाही नकोय,” धाकटी म्हणाली. तिची हनुवटी आतड्यावर टेकली होती. “बरं वाटलं बोलून.”

“मलाही.”

बहीणभाऊ एकमेकांकडे पाहून मास्कआडून हसले. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांचं इतकं पटलं होतं. मग दोघांना एकदमच आठवलं, की स्टुलावर अप्पा आहेत.

आतडं जागेवर गेलं, पोट शिवून होत आलं, तेव्हा अप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून उठले. स्टूल नेहमीप्रमाणे दाराच्या आड आला. तो बाजूला सरकवत ते म्हणाले, “टाके छान घातलेस. उद्या मी सही करतो.”

वहिनीने गॅस कमी केला.

*

घोड्याच्या ऑपरेशनमध्ये सगळ्यात धोक्याची वेळ ऑपरेशनची नसते; उठण्याची असते. घोडा झोपेतून जागा होतो तो घाबरलेला. पाय ताब्यात नसतात आणि पळून जायची घाई असते. एखादा आवाज झाला, की तो झटक्याने उठायला जातो, पडतो, आणि पाय मोडतो. मोडलेल्या पायाचं पुढे काय होतं, ते घोडेवाल्यांना सांगावं लागत नाही.

फार वर्षांपूर्वी अप्पा याच दाराबाहेर मामाच्या कशावर तरी मोठ्याने हसले होते. तेव्हा आत जागा होत असलेला घोडा पांढरा होता. एवढंच ते सांगत. त्या दिवशी त्यांनी नियम केला: घोडा उठेपर्यंत फक्त भूल देणारा बोलेल. बाकी कुणी ब्र काढायचा नाही, मग तो मालक असो, सर्जन असो की खुद्द प्रमुख. या इमारतीत नियम पुष्कळ होते आणि ते मोडायच्या पद्धतीही ठरलेल्या होत्या. हा एकच नियम कुणी कधी मोडला नव्हता.

घोडी मऊ खोलीत आडवी होती. डोक्याचा दोर भिंतीतल्या कडीतून बाहेर येऊन दादाच्या हातात, शेपटीचा धाकटीच्या. दाराच्या कडीशी मामा. समोरच्या भिंतीला टेकून अप्पा. कॉरिडॉरच्या टोकाला, कुणी आत येऊ नये म्हणून आई. आणि झरोक्याशी, खोक्यावर, वहिनी. घोडीने घाईने उठू नये म्हणून द्यायचा गुंगीचा डोस तिने दिला होता. नेहमीचाच.

दादा धाकटीकडे झुकून काहीतरी पुटपुटला. वहिनीने मागे न बघता तळहात वर केला. दादा गप्प झाला.

मग कॉरिडॉर इतका शांत झाला, की वहिनीला स्वतःचाच श्वास ऐकू आला. या घरात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती आणि एक वाक्य सुरू करून ते संपवायला मिळालंय, असं फार वेळा झालं नव्हतं. तिने काचेतून घोडीकडे पाहिलं. घोडीच्या नाकपुड्या हळूहळू फुलत होत्या. तिला उठायची कसलीही घाई दिसत नव्हती.

“श्वास व्यवस्थित,” वहिनी म्हणाली. आवाज नेहमीचा, हलका, एका पट्टीतला. अशा वेळी वापरायचा. “डावा कान हलला. दवाखाना मी घेते.”

दादाने मान वर केली.

“दोर ढिला ठेव. अजून ताण नको,” ती म्हणाली. “अप्पा, तुम्ही म्हणालात, एकाने ‘घेतो’ म्हणायचं. कुणी ते म्हणायचं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मी म्हणतेय. मला हवाय.”

अप्पांचं तोंड उघडलं. नियम त्यांचाच होता. तोंड मिटलं.

“जीभ आत घेतेय. चांगलं आहे,” वहिनी म्हणाली. “ऑपरेशनं तुमचा मुलगा करेल. मालकांशी तो बोलणार नाही, मी बोलेन. मला मालकांची भीती वाटत नाही. ती लोकं घाबरलेली असतात, एवढंच. धाकटी गाडीतच राहील. पोटाचं ऑपरेशन असेल तेव्हा यायचं, आतडं धरायला. बाकी वेळ छपराखाली ये, असं मी तुला म्हणणार नाही.”

धाकटीने दोर न सोडता दोन्ही भुवया इतक्या वर नेल्या, की तो होकार आहे हे पाठमोऱ्या माणसालाही कळलं असतं. तिने भावाला कोपर मारलं.

“हलू नका. मान उचलतेय... ठेवली परत.” वहिनीने खोक्यावर पाय बदलला. “मामा, भट्टीचं छप्पर होईल. पण खूर जाळताना माझ्या ऑपरेशनच्या खोलीकडे धूर येतो, तर तोंड दुसरीकडे करून घ्यायचं. भट्टीचं.”

मामाने छातीवर हात ठेवला. ही शपथ होती की धक्का, ते सांगणं कठीण होतं.

“आई, संध्याकाळचा फोन मी घेईन. तुम्ही वर जायचं, पाय वर करून बसायचं. आणि रिसीव्हर काढून ठेवायचा नाही. कधीच नाही. आज ही घोडी हॉर्न ऐकू न आल्यामुळे गेली असती. यापुढे बैठकाही इथे नकोत. भांडायचं तर वर भांडा, दारं आपटा. दारं दुरुस्त करता येतात.”

कॉरिडॉरच्या टोकाला आईने पदराने तोंड पुसलं. मागे कुणीतरी आत यायचा प्रयत्न करत असावं, कारण तिने न वळताच मागे हात पसरला.

दादा बायकोकडे बघत होता. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती, आवाज नव्हता. ‘मला का नाही सांगितलंस’ असं ते काहीसं होतं.

“सांगितलं होतं,” वहिनी काचेतून बघत म्हणाली. “तू चहा दिलास.”

दादाने दोराकडे पाहिलं. त्याला तो चहा आठवत होता. त्या साखरेचा अर्थ त्याला बहुधा आत्ता लागत होता.

“आणि अप्पा,” ती म्हणाली. आवाज त्याच पट्टीत होता, फक्त मधे जरा थांबली. “तुम्ही ऑपरेशनच्या खोलीत बसता तो स्टूल दाराच्या आड येतो. स्टूल हलवायचा. तुम्ही नाही. तुम्ही बघायला असलात की तुमच्या मुलाचा हात स्थिर असतो. तो हे कधी म्हणणार नाही, म्हणून मी सांगतेय. कंपनीचा माणूस तुम्हाला स्टूल देणार नाही.”

आत घोडी तशीच पडून होती, डोळे अर्धवट उघडे, एक कान दाराकडे. सगळं आयुष्य लोकांना पाठीवर वाहिलेली घोडी; ऐकून घ्यायची तिला सवय असावी.

“माझं बोलणं संपलं,” वहिनी म्हणाली. आणि लगेच, “उठतेय. डोक्याचा दोर घे. शेपूट, तयार.”

घोडीने पुढचे पाय टाकले, मागचे गोळा केले, अर्धी उठली आणि धप्पकन भिंतीवर आदळली. भिंत मऊ होती. दार थरथरलं. मामाने डोळे मिटले.

“राहू दे. ओढू नका. तिचं तिला करू दे,” वहिनी पुटपुटली. तिची बोटं झरोक्याच्या कडेला घट्ट बसली होती. “थांब, बाई. थांब जरा. घाई कसली आहे?”

घोडी थांबली. पुन्हा पाय टाकले. दोन्ही दोर ताणले गेले, धाकटीचे बूट फरशीवर सरकले, दादाच्या मानेच्या शिरा फुगल्या, आणि आत मोठ्ठा श्वास ऐकू आला. मग शांतता. चार पायांवर उभं असलेल्या जनावराची शांतता वेगळी असते. घोडी पाय फाकून, थरथरत, उभी होती.

“उठली,” वहिनी म्हणाली.

आता बोलायला हरकत नव्हती. पण दादाने दोर कडीला बांधला. बराच वेळ बांधत राहिला. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली आणि बूट काढून तळवे चोळू लागली. मामाने नाकाला रुमाल लावला.

कॉरिडॉरच्या टोकावरून आई म्हणाली, “बाई विचारतायत, प्रमुख कोण आहेत, त्यांच्याशी बोलायचंय म्हणून. काय सांगू?”

सवयीने सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा भिंतीपासून सुटे होऊन दाराशी आले होते.

“डोस नेहमीचाच दिलास ना?” त्यांनी विचारलं.

“नेहमीचाच.”

“वेळ फार लागला उठायला.”

“तिने घेतला,” वहिनी म्हणाली.

अप्पांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. ती खोक्यावर असल्यामुळे दोघांचे डोळे एका उंचीवर आले होते. असं समोरासमोर त्यांनी एकमेकांकडे फारसं पाहिलेलं नव्हतं.

“खाली उतर,” अप्पा म्हणाले.

दादा पुढे झाला. “अप्पा, ती काही चुकीचं...”

“तू दोर बांध.”

वहिनी खाली उतरली. अप्पांनी मामाच्या वरच्या खिशातून खुरांवर खुणा करायचा खडू काढून घेतला, एक हात दारावर रोवला, कण्हत कण्हत वाकले आणि खडूचं टोक दाराला लावलं.

“इथे?”

वहिनी दाराला लागून उभी राहिली. दाराला नाक, समोर लाकूड. “दोन बोटं खाली,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच पट्टी सोडून गेला.

अप्पांनी खडू दोन बोटं खाली घेतला आणि रेघ मारली. वाकून मारल्यामुळे रेघ वाकडी आली. त्यांनी शेजारी दुसरी मारली. तीही वाकडी आली.

“सुताराला नीट सांग,” ते म्हणाले. “माझ्या रेघेवर जाऊ नको.”

“अहो, बाईंना काय सांगू?” आईने पुन्हा विचारलं.

“येतेय म्हणावं,” वहिनी म्हणाली. तिने हातमोजे काढले, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले आणि ऑफिसकडे निघाली. ऑफिसच्या दाराशी पोचेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागे तिचा खोका रिकामा झाल्याचं मामाच्या लक्षात आलं होतं आणि तो त्यावर बसला होता.

अप्पा अजून वाकलेलेच होते. त्या उंचीवरून आत काय दिसतं, ते बघायला त्यांनी खडूच्या रेघेशी डोळा लावला. तिथे अजून नुसतं दार होतं. तरी ते बराच वेळ बघत राहिले.